इंजिनिअरसुद्धा बोअरआधी पाणाडी का बोलावतो?

बोअर घ्यायचं ठरलं की घरातून दोन फोन होतात, एक रिगवाल्याला आणि एक पाणाड्याला, म्हणजे काठी किंवा नारळ घेऊन जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याला. दुसरा फोन करणारा माणूस अडाणी असतो असं मुळीच नाही. तो हायस्कुलात विज्ञान शिकवतो, बँकेत मॅनेजर असतो, सिव्हिल इंजिनिअर असतो, कृषी पदवीधर असतो. शहरातल्या सोसायट्यांमध्येही टँकरची बिलं वाढली की पार्किंगमधून तळहातावर नारळ घेऊन एक माणूस चालतो आणि त्याच्या मागून अख्खी कमिटी चालते. हे फक्त आपल्याकडचं आहे असंही समजू नका. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये एका संशोधिकेने तिथल्या १२ पाणीपुरवठा कंपन्यांना विचारलं, की तुमचे तंत्रज्ञ पाणी किंवा पाइप शोधायला अजून पाणाड्यासारख्या हातात धरायच्या सळया वापरतात का? १० कंपन्यांकडून होकार आला.

म्हणजे "शिक्षण वाढलं की हे आपोआप जाईल" हे आपलं नेहमीचं उत्तर इथे टिकत नाही. माझं म्हणणं असं आहे की पाणाड्यावरचा विश्वास पुराव्यातूनच तयार होतो. डोळ्यांनी पाहिलेल्या, खऱ्या पुराव्यातून. फक्त तो पुरावा अर्धा असतो आणि उरलेला अर्धा गोळा करण्याची वेळ कधी येतच नाही. हुशार माणसाला या अर्ध्या पुराव्यासाठी चांगली कारणं सुचतात, म्हणून त्याचा विश्वास जास्त टिकतो. हे नीट समजून घ्यायचं तर हात, जमीन आणि हिशेब या तिन्हींकडे बघावं लागेल.

आधी हात. पाणाडी चार प्रकारची साधनं वापरतात. दोन फाट्यांची ओली बेचकी, काटकोनात वाकवलेल्या दोन तारा, दोरीला बांधलेला लोलक आणि नारळ. चारही साधनांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे हाताची अगदी थोडी हालचाल त्यांच्यात खूप मोठी होऊन दिसते. बेचकी धरताना दोन्ही फाटे मुठीत घेऊन बाहेरच्या बाजूला ताणतात. त्या ताणलेल्या स्थितीत ती कशीबशी तोललेली असते. मनगटं काही अंशांनी आत वळली की साठलेला ताण एकदम सुटतो आणि टोक खाली झपकन जातं. ते इतक्या जोरात फिरतं की मुठीत घट्ट धरलं तरी साल सोलून निघते. धरणाऱ्याला खरोखर वाटतं की काठी कुणीतरी ओढली. तारांचं तर त्याहून सोपं. त्या मुठीत सैल असतात, त्यामुळे मुठी एक-दोन अंश कलल्या तरी त्या फिरून एकमेकींवर येतात. नारळ तळहातावर आडवा ठेवलेला असतो. खडबडीत रानात चालताना तळहात जरासा कलतो, आतलं पाणी सरकतं, तोल बदलतो आणि नारळ उभा राहू लागतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बहुतेक पाणाडी लबाडी करत नाहीत. आपला हात हलतोय हे त्यांना स्वतःला कळत नाही. मनात अपेक्षा आली की स्नायू आपल्या नकळत हलतात. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या प्रकाराला "आयडिओमोटर" हे नाव दिलं. पण त्याचा सगळ्यात सुंदर प्रयोग त्याआधीच होऊन गेला होता.

मिशेल शेव्रूल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. तेल-चरबीच्या रसायनशास्त्राचा पाया घालणारा, त्या काळातला मोठा माणूस. दोरीला लोखंडी कडं बांधून ते पाऱ्यावर धरलं की आपोआप झुलतं, अशी त्या काळी चर्चा होती. त्याने करून पाहिलं, तर कडं खरंच झुललं. पारा आणि कडं यांच्यामध्ये काच सरकवली तर झुलणं थांबलं. काच काढली, पुन्हा सुरू झालं. बहुतेक लोक इथेच थांबले असते, कारण पुरावा डोळ्यांसमोर होता आणि पुन्हा पुन्हा मिळत होता. शेव्रूलने आणखी दोन गोष्टी केल्या. आधी दंडाखाली आधार दिला आणि तो हळूहळू बोटांकडे सरकवत नेला. आधार बोटांच्या जितका जवळ, तितकं झुलणं कमी. मग त्याने डोळ्यांवर पट्टी बांधली आणि काच कधी सरकवायची, कधी काढायची हे दुसऱ्यावर सोपवलं. आता काचेचा काहीही परिणाम उरला नाही. हे सगळं त्याने अँपिअरला लिहिलेल्या पत्रातून १८३३ मध्ये प्रसिद्ध झालं. कडं हलवत होती ती त्याची स्वतःची अपेक्षा. इतक्या हुशार माणसालाही डोळ्यांवर पट्टी बांधेपर्यंत हे दिसलं नव्हतं. त्याचं मोठेपण त्या पट्टीत आहे असं मी मानतो.

आता जमीन. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा. एकावर एक थर साचले. प्रत्येक थराचा खालचा भाग साधारण घट्ट काळा पाषाण, वरचा भाग भोकाभोकांचा आणि झिजलेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी लाल मातीचा पट्टा. पाणी घट्ट पाषाणात राहत नाही. ते मुरमात, झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर राहतं. त्यामुळे कुठेही २००-३०० फूट खाली गेलं की वाटेत एखादा तरी सांधा किंवा भेग भेटण्याची शक्यता बरीच असते. भरपूर पाणी मिळेल असं नाही, पण ओल, झिरपा, अर्धा इंच पाणी काहीतरी लागतं. आणि "पाणी लागलं" हे शब्द त्या सगळ्याला चालतात.

समजा एखाद्या पट्ट्यात कुठेही बोअर घेतली तर १० पैकी ७ ठिकाणी काहीतरी पाणी लागतं. तिथे डोळे मिटून दगड भिरकावून जागा ठरवणाऱ्याचीही १० पैकी ७ ठिकाणं बरोबर येणार. पुढचा हिशेब आणखी महत्त्वाचा आहे. अशा पट्ट्यात लागोपाठ सहा बोअर यशस्वी होण्याची शक्यता ०.७ चा सहावा घात, म्हणजे जवळजवळ १२ टक्के. तालुक्यात असे १० पाणाडी असतील तर त्यांच्यातला साधारण एकजण निव्वळ योगायोगाने "सहाच्या सहा" ठरतो. त्याचं नाव होतं, त्याचा नंबर पाहुण्यारावळ्यांत फिरतो. उरलेल्या नऊ जणांचं नाव तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तुमच्या मेव्हण्याने तुम्हाला जो नंबर दिला, तो आधीच गाळून आलेला असतो.

शिवाय जुना पाणाडी अगदीच कोरा नसतो. तीस वर्षं त्याच खोऱ्यात फिरलेल्या माणसाला ओढ्याची जुनी वाट कळते, उताराचा खोलगट भाग कळतो, मे महिन्यातही हिरवं राहिलेलं उंबराचं किंवा जांभळीचं झाड दिसतं, शेजारच्या विहिरीला किती परसावर पाणी आहे हे ठाऊक असतं. ही निरीक्षणं खूप जुनी आहेत. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय यावर लिहिला, त्यात झाडं आणि वारुळं यांवरून पाणी कुठे असेल याचे ठोकताळे आहेत. ते सगळे बरोबर नाहीत, पण जमिनीकडे बघून जमिनीखालचा अंदाज बांधायचा ही रीत सरळ आहे. पाणाड्याच्या डोक्यात हा अंदाज आधी तयार होतो, मग त्याचा हात हलतो आणि श्रेय मिळतं काठीला. तो पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला असेल तर त्याच्या जन्मालाही मिळतं. लोकांनी त्याच्या डोळ्यांना आणि अनुभवाला मान दिला असता तर मला काहीच म्हणायचं नव्हतं.

आता हिशेब, आणि गाडी खरी अडते ती इथे. काठीत काही अर्थ आहे का हे बघायचं तर चार प्रकारच्या नोंदी लागतात. काठी वळली आणि पाणी लागलं. काठी वळली आणि पाणी लागलं नाही. काठी वळली नाही तरी बोअर घेतली आणि पाणी लागलं. काठी वळली नाही, बोअर घेतली आणि कोरडी गेली. यांतली पहिली नोंद गावभर सांगितली जाते. दुसरी घरातल्या घरात राहते, कारण लाखभर रुपये मातीत गेल्याचं कुणी पारावर सांगत नाही. तिसरी आणि चौथी तयारच होत नाहीत. काठी जिथे "नाही" म्हणते तिथे स्वतःच्या खिशातून बोअर कोण घेईल? आणि खरं उत्तर तर त्या दोन नोंदींतच आहे.

हुशार माणसाला हे का सुचत नाही? १९६० मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले. यांच्यामागे एक नियम आहे, तुम्ही स्वतःचे आकडे सांगा, ते नियमात बसतात का ते मी सांगेन, आणि खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांनी "दोन-दोनने वाढणारे" असं मनात धरलं आणि ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असंच विचारत गेले. दर वेळी "बसतात" असं उत्तर आलं आणि त्यांची खात्री वाढत गेली. नियम होता, "चढत्या क्रमाने कोणतेही तीन आकडे". १, ७, ५० विचारलं असतं तर लगेच कळलं असतं. पण आपली कल्पना चुकीची ठरेल असा प्रश्न विचारायला मन धजत नाही, आणि हा धाक परीक्षेतल्या गुणांनी जात नाही. २०१२ मध्ये वेस्ट, मेझर्व्ह आणि स्टॅनोविच यांनी अमेरिकेत हेच तपासलं. स्वतःच्या विचारातला कल दिसत नाही पण दुसऱ्याचा दिसतो, ही खोड बौद्धिक क्षमतेच्या चाचण्यांत पुढे असलेल्यांमध्ये कमी आढळली नाही.

हुशारी प्रत्यक्षात काय करते याचा एक नमुना पाहा. डॅन काहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत लोकांना एक तक्ता दिला. त्वचेचं क्रीम लावलेल्यांत २२३ जणांची पुरळ कमी झाली, ७५ जणांची वाढली. क्रीम न लावलेल्यांत १०७ जणांची कमी झाली, २१ जणांची वाढली. क्रीमचा फायदा झाला का? पहिल्या नजरेत २२३ हा आकडा मोठा दिसतो आणि "हो" असं वाटतं. भागाकार केला तर क्रीमवाले ७५ टक्के बरे झाले आणि बिनक्रीमवाले जवळजवळ ८४ टक्के. म्हणजे क्रीमने तोटाच. गणितात तरबेज लोकांनी हे जास्त वेळा बरोबर सोडवलं. मग तेच आकडे "शहरात पिस्तुलबंदी केल्यावर गुन्हे वाढले की कमी झाले" या नावाखाली दिले. आता तरबेज लोक आपापल्या राजकीय बाजूप्रमाणे फुटले, आणि कच्च्या लोकांपेक्षा जास्त फुटले. पहिल्या नजरेतलं उत्तर आपल्या बाजूचं असेल तर ते तिथेच थांबले, विरुद्ध असेल तर भागाकार करून ते खोडलं. पुढे इतरांनी हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम प्रत्येक वेळी इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. पण भागाकार येत असूनही तो कधी करायचा हे मन ठरवतं, ही गोष्ट रोजच्या व्यवहारात कुणालाही दिसेल.

बोअर कोरडी गेल्यावर इंजिनिअरच्या तोंडून जी कारणं निघतात ती ऐका. रिगची गाडी पॉइंटपासून चार फूट सरकली होती. अजून पन्नास फूट घेतली असती तर लागलं असतं. वरच्या शेतात नवी बोअर झाली आणि झरा तुटला. हाय टेन्शन लाइनमुळे चुंबकीय क्षेत्र बिघडलं. यांतलं प्रत्येक कारण ऐकायला शक्य कोटीतलं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं. कमी शिकलेला माणूस "नशीब" म्हणून गप्प बसतो. शिकलेल्याकडे भूगर्भशास्त्राचे आणि भौतिकशास्त्राचे शब्द असतात, त्यामुळे त्याच्या विश्वासाला जागोजागी टेकू मिळतात.

हे शास्त्रज्ञांच्या बाबतीतही घडलं आहे. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ सरकारी पैशाने मोठा प्रयोग झाला. ५०० हून जास्त पाणाड्यांमधून सगळ्यात चांगले ४३ निवडले. धान्याच्या कोठाराच्या तळमजल्यावर १० मीटरच्या रेषेत पाण्याचा पाइप सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने जागा सांगायची. एकूण ८४३ चाचण्या झाल्या. ४३ पैकी किमान ३७ जणांना काहीच जमलं नाही, हे प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनीही मान्य केलं. पण उरलेल्या काहींचे आकडे पाहून त्यांनी "हे कौशल्य सिद्ध झालं" असा निष्कर्ष काढला. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. सगळ्यात चांगला पाणाडी घेतला तरी, दर वेळी डोळे झाकून रेषेच्या मध्यावर बोट ठेवलं असतं त्यापेक्षा त्याची चूक सरासरी ४ मिलिमीटरने कमी होती. १० मीटरमध्ये ४ मिलिमीटर! शिवाय एका मालिकेत चमकलेला माणूस पुढच्या मालिकेत चमकत नव्हता. आकडे एकच, दोन्ही बाजूंना प्राध्यापक.

तरीही नुसत्या आकडेमोडीने हा विश्वास पूर्ण उलगडत नाही. पाणाडी बोलावण्यात एक व्यवहारी शहाणपणही आहे. घरात निर्णय एकट्याचा नसतो. वडील, भाऊ, काका, सगळ्यांचे पैसे त्यात असतात. पाणाडी न दाखवता बोअर घेतली आणि कोरडी गेली तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं, "पाचशे रुपये वाचवायला गेलास." दाखवून कोरडी गेली तर कुणाचाच दोष नाही. ज्याचं तोंड आधीच्या दोन बोअरनी पोळलेलं आहे तो ताकही फुंकून पिणार. पाणाड्याला दिलेले पैसे म्हणजे पाण्याच्या शोधापेक्षा दोष वाटून घेण्याची किंमत असते. मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रिअँड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल हेच नोंदवलं होतं. शांत खाडीत मासे हमखास मिळायचे, तिथे कुणी मंत्रतंत्र करत नसे. उघड्या समुद्रात जीवावर बेतायचं, तिथे मात्र विधींशिवाय होडी निघत नसे. म्हणून जो म्हणतो "माझा विश्वास नाही, पण दाखवायला काय जातंय," त्याला मूर्ख समजू नये. तो घरातली शांतता राखतोय.

पण जातं बरंच काही. काठी जागा ठरवते तेव्हा ओढ्याकाठची चांगली जागा सोडून बांधाच्या उंच कोपऱ्यात रिग उभी राहते. "अजून पन्नास फूट" करत बोअर ५०० फुटांवर जाते आणि कर्ज वाढतं. कोरडी गेली तर कुठे कुठे घरातल्या बाईच्या विटाळावर बोट ठेवलं जातं, आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हेच तंत्र जगात कुठवर गेलं तेही पाहा. एडीई ६५१ नावाचं बॉम्बशोधक यंत्र म्हणजे मुठीत सैल फिरणारी अँटेना होती, आत चालणारा एकही भाग नव्हता. इराकने ते कोट्यवधी डॉलरला घेतलं आणि बगदादच्या नाक्यांवर वापरलं. जबाबदार पदांवरचे शिकलेले अधिकारी "आमच्या हातात चालतं" असं सांगत राहिले. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला लंडनमध्ये २०१३ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तोवर स्फोटकांच्या गाड्या त्या नाक्यांवरून निघून गेल्या होत्या.

पाणाड्याशी भांडण्यापेक्षा त्याची चाचणी घ्यावी, आणि ती त्याच्या संमतीने, सन्मानाने घ्यावी. सोपा प्रकार असा. एकसारखे १० झाकणाचे डबे घ्या. एकात पाणी भरा, बाकीच्यांत तितक्याच वजनाची वाळू. आधी उघड्या डब्यांवर त्याला करून बघू द्या, म्हणजे "आज काठी चालते" हे त्यानेच सांगितलेलं असेल. मग १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून एक काढून पाण्याचा डबा त्या क्रमांकावर ठेवायचा. डबे मांडणारा माणूस पाणाडी यायच्या आत तिथून निघून जायला हवा. ही अट सगळ्यात जास्त मोडली जाते आणि तिथेच चाचणी वाया जाते. उत्तर माहीत असलेला माणूस तिथे उभा असला तर त्याची नजर, श्वास, पाय कुठे थबकले, हे सगळं पाणाड्याला नकळत कळतं. असं १० वेळा करा. निव्वळ अंदाजाने सरासरी एक बरोबर येतो. तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७ टक्के, चार किंवा जास्तची सव्वा टक्का. म्हणून "चार बरोबर आले तर मानू" असं आधीच कागदावर लिहून दोघांनी सही करा. निकाल सगळ्या फेऱ्या संपल्यावरच उघडायचा.

"डब्यातलं पाणी वाहत नाही, म्हणून जमलं नाही" हे उत्तर येणार. मग जमिनीत फूट-दीड फूट खोल पाइप गाडा, लांबवर व्हॉल्व्ह ठेवा आणि नाणं उडवून पाणी चालू किंवा बंद करा. वाहण्याचा आवाज आणि पंपाची थरथर वर येणार नाही याची खात्री करून घ्या. ३० वेळा विचारा. अंदाजाने १५ बरोबर येतात, २२ किंवा जास्त येण्याची शक्यता एका टक्क्याहूनही कमी. १९९० मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे ३० पाणाड्यांवर असाच प्रयोग झाला होता, पाइप ५० सेंटिमीटर खोल होता. अटी मान्य आहेत आणि जवळजवळ सगळं बरोबर येईल, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. निकाल नाणं उडवण्याइतकाच आला. चाचणीनंतर त्यांनी दिलेली कारणं आपल्याकडच्या कारणांहून वेगळी नव्हती. कारणं नंतर सुचतात, म्हणून अटी आधी लिहून घ्यायच्या.

मग जागा ठरवायची कशी? पाणाड्याच्या ऐवजी काही हातात दिल्याशिवाय त्याला नाकारायला सांगणं मला पटत नाही. सुरुवात फुकटच्या माहितीपासून करा. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअर लिहून काढा. खोली, पाणी किती फुटांवर लागलं, मे महिन्यात पातळी किती, मोटर किती तास चालते, आणि कोरड्या गेलेल्या बोअर कुठे. जुन्या उघड्या विहिरीत डोकावून बघा, मुरूम कुठे संपतो, पाषाण कुठे लागतो, लाल पट्टा कुठे आहे, पाझर कोणत्या थरातून येतो. विहिरीची भिंत हा तुमच्या जमिनीचा कापलेला नमुना आहे आणि तो बघायला पैसे लागत नाहीत. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय असतं, तिथे तुमच्या पाणलोटाची माहिती मिळते.

मग विद्युत रोधकता चाचणी. चार खुंट्या एका रेषेत ठोकतात, बाहेरच्या दोनमधून जमिनीत करंट सोडतात, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजतात. बाहेरच्या खुंट्या जितक्या लांब, तितक्या खोलचा अंदाज. ५०-६० मीटर खोलीचा अंदाज हवा असेल तर त्या एकमेकींपासून सुमारे २०० मीटरपर्यंत न्याव्या लागतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटांत "मशीन लावून" कुणी ३०० फुटांचं पाणी सांगत असेल तर ते मशीन आणि नारळ यांत फरक धरू नका. आकड्यांचा अर्थ लावतानाही चुका होतात. पाणी धरलेला झिजलेला बेसॉल्ट साधारण २० ते ४० ओहम-मीटर (जमीन करंटला किती अडवते त्याचं माप) दाखवतो, घट्ट पाषाण ७० च्या वर जातो. पण चिकण काळी माती आणि लाल पट्टा १० च्या आसपास किंवा खाली येतात, आणि "कमी आकडा म्हणजे पाणी" असं समजून नेमकी त्यांच्यावर बोअर घेतली जाते. पुरलेला लोखंडी पाइप आणि तारेचं कुंपण आकडे बिघडवतात. उन्हाळ्यात जमीन कोरडी असेल तर खुंट्यांभोवती मिठाचं पाणी ओतावं लागतं. उभ्या अरुंद भेगा या चाचणीतून निसटतात. म्हणजे हीही खात्री देत नाही, फक्त शक्यता सुधारते. प्रामाणिक भूवैज्ञानिक तसं तोंडावर सांगतो, आणि पाणाड्याची छातीठोक खात्री ऐकलेल्या घराला नेमकं तेच खटकतं.

बोअर चालू असताना दर १० फुटांचा चुरा वेगळा ढीग करून ठेवा आणि खोलीची चिठ्ठी लावा. पाणी लागलं की "दोन इंची लागलं" यावर समाधान मानू नका. कुणाचे दोन इंच पाइपचे असतात, कुणाचे पत्र्याच्या खाचेवरचे. व्ही आकाराच्या काटकोनी खाचेतून दोन इंच उंचीने पाणी वाहत असेल तर ते ताशी सुमारे २,९०० लिटर. चार इंच असेल तर सुमारे १६,००० लिटर, म्हणजे उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट. रिगवाला स्वतः आत सोडतो ते पाणी आणि सुरुवातीचा साठलेला फवारा यात मिसळतो, म्हणून कॉम्प्रेसर किमान तासभर चालल्यानंतरचं माप धरा.

आणि गावात एक वही ठेवा. ग्रामपंचायतीत, शाळेत, दूध डेअरीत, कुठेही. बोअर घ्यायच्या आदल्या दिवशी पाणाड्याने किंवा भूवैज्ञानिकाने सांगितलेली जागा, किती फुटांवर, ताशी किती लिटर, हे त्याच्यासमोर लिहा. "भरपूर" आणि "वर-खाली" हे शब्द वहीत घ्यायचे नाहीत. बोअर झाल्यावर प्रत्यक्ष खोली आणि व्ही आकाराच्या खाचेवरचं माप लिहा, पुढच्या मे महिन्यातलं पुन्हा लिहा. ज्यांनी कुणालाच न दाखवता बोअर घेतली त्यांचीही नोंद त्याच पानावर हवी, नाहीतर तुलना कशाशी करणार? कोरडी बोअर सांगायला लोक लाजतात, म्हणून त्या नोंदीपुढे शेतकऱ्याचं नाव न लिहिता फक्त गट नंबर लिहावा. वीस-तीस बोअर झाल्यावर वही उघडून एकत्र बसा, पाणाड्यालाही बोलवा, आणि बेरीज गावातल्या सगळ्यात साशंक माणसाकडून करवून घ्या.